पॅसेजमधला चौकोन

व्हर्ना गेली नोव्हेंबरमध्ये. जानेवारीत आमची मुलगी जनेल फिनिक्सहून नवऱ्याचा ट्रक घेऊन आली आणि तिच्या आजीचं काचेचं कपाट घेऊन गेली. ते तिला द्यायचं हे व्हर्नानेच ठरवलं होतं. कपाट पॅसेजच्या टोकाला, पश्चिमेच्या खिडकीपुढे उभं असायचं. ते हललं तसं दुपारचं ऊन पॅसेजमध्ये शिरलं आणि भिंतीला घासत पार बाथरूमच्या दारापर्यंत गेलं.

मी कपाटाच्या जागेवरची धूळ काढत होतो. मान वर केली तर भिंतीवर चौकोन दिसला.

फूटभर रुंद, फूटभर उंच, माणसाच्या कमरेच्या उंचीला. जनेल शेजारीच उभी होती. तिला बोट ठेवून दाखवला, तरी दिसला नाही.

"डॅड, भिंत आहे ती," ती म्हणाली. "तू जेवलास का पण?"

जेवलो म्हणालो. जेवलो नव्हतो. ती गेल्यावर खुर्ची आणून त्या भिंतीसमोर बसलो.

मी एकेचाळीस वर्षं हेच काम केलं. लाकडी सांगाड्यावर जिप्समचे पातळ बोर्ड ठोकायचे, आत पोकळ, सांधे भरायचे आणि वर खडबडीत पोत द्यायचा. आमच्या कासा ग्रांदे गावात गुळगुळीत भिंत कोणी मागत नाही, तिच्यात सगळे दोष दिसतात. पातळ पुट्टी मशिनने भिंतीवर उडवायची, थेंबांची चमक जाईपर्यंत थांबायचं, मग रुंद पट्टी हलक्या हाताने आडवी ओढायची. थेंबांची डोकी चपटी होतात. पट्टी ज्या बाजूला जाते त्या बाजूला प्रत्येक थेंबाची कड केसभर पुढे येते. रंग दिल्यावर ते डोळ्याला कळत नाही, बोटाला कळतं. पट्टीच्या दिशेने बोट फिरवलं तर घसरतं, उलट फिरवलं तर अडकतं.

मी उजव्या हाताचा. पट्टी डावीकडून उजवीकडे ओढतो. हे घर अठ्ठ्याण्णव साली मी एकट्याने केलं, भिंतीत बांधलेल्या कपाटांच्या आतल्या भिंतींसकट. त्यावर लोक हसले होते, कपाटाच्या आत कोण बघणार म्हणून.

मी डोळे मिटले आणि पॅसेजच्या भिंतीवरून बोट नेलं. घसरत गेलं. चौकोनाच्या कडेशी आलं आणि अडकलं. चौकोनभर अडकत राहिलं. पलीकडची कड ओलांडली आणि पुन्हा घसरलं.

चौकोनातली पट्टी उजवीकडून डावीकडे ओढलेली होती. म्हणजे काम डावखुऱ्या माणसाचं.

काम चांगलं होतं हेच वाईट होतं. थेंबांचा आकार माझा, दाटी माझी, चपटेपणा माझा. दुसऱ्याचा पोत जुळवणं फार अवघड असतं. दहातले नऊ जण ठिगळ लावतात, मग तिथे चित्र टांगतात. इथे सांध्यावरसुद्धा बारीक बारीक थेंब एकेक करून ठेवलेले होते. इतकं जुळवणारा डावखुरा मला एकच माहीत होता.

चेबो तारांगो. एकोणीस वर्षं आम्ही जोडीने काम केलं. त्याच्या मोठ्या मुलीच्या बाप्तिस्म्याला मी धर्मपिता म्हणून उभा राहिलो, तेव्हापासून तो मला 'कोंपाद्रे' म्हणतो. त्यांच्यात मुलाचा बाप आणि धर्मपिता एकमेकांना तसंच हाक मारतात. चार वर्षांपूर्वी त्याने मोठ्या बिल्डरचं काम धरलं. एका दिवसात सहा घरं, सगळं मशिन, हाताला काम नाही. मी चार माणसांसमोर त्याला म्हणालो की आता तू मशिनचा पाइप धरणारा झालास. त्यानंतर व्हर्नाच्या दफनापर्यंत तो माझ्या घरी आला नाही. निदान मला तरी तसं वाटत होतं.

त्या दिवसापासून मी एकेक गोष्ट आठवायला लागलो.

काचेचं कपाट आधी जेवणघरात होतं. दोन वर्षांपूर्वीच्या एप्रिलमध्ये व्हर्नाने हट्ट धरला की ते पॅसेजच्या टोकाला न्यायचं.

"खिडकी झाकली जाईल," मी म्हणालो.

"उन्हाने गालिच्याचा रंग उडतो."

"गालिचा मातीच्या रंगाचा आहे. उडून आणखी काय होणार?"

"लाइल, तू हलवतोस, का मी शेजारच्याला बोलावू?"

मी हलवलं. तिरक्या उजेडात ठिगळ उघडं पडतं हे त्या घरात मलाच माहीत होतं. तिला कोणी सांगितलं?

त्याच्या आधी, मार्चमध्ये, मी अकरा दिवस युमाला होतो. एका मोटेलच्या चाळीस खोल्या होत्या. ती अकरा दिवस घरी एकटी होती.

मग मी स्वयंपाकघरातला तिचा पाककृतींचा डबा उघडला. केक तिचा खास होता, अर्ध्या गावाचे वाढदिवस तिच्या केकवर झाले. लिंबाच्या केकच्या कार्डामागे पेन्सिलने 'चेबो' लिहिलेलं होतं आणि पुढे त्याचा नवा फोन नंबर. तो नंबर माझ्याकडे नव्हता.

आणि दफनाचा दिवस. सगळे आमच्या घरी जेवायला आले होते. चेबो आणि त्याची बायको सोकोरो आले. चेबोने मला मिठी मारली, पण डोळ्याला डोळा दिला नाही. नंतर मी कॉफी आणायला उठलो तेव्हा तो पॅसेजमध्ये एकटाच उभा होता. एका हातात ताटली, दुसरा तळवा भिंतीवर. बराच वेळ तसाच. मला वाटलं, म्हातारा दमला असेल.

तो तळवा कुठे होता ते मला आता कळलं.

लोकांच्या घरातली भोकं बुजवून मी संसार केला. दाराची मूठ आपटून कुठे भोक पडतं, पलंग नेताना कुठे पडतं हे मी बघताच सांगतो. झोपायच्या खोलीबाहेर, सपाट भिंतीत, कमरेच्या उंचीला भोक पडतं ते माणूस आपटल्यावर. कोणीतरी कोणालातरी ढकललेलं असतं. निदान मी बुजवलेली तरी तशीच होती. त्या घरांमध्ये मी प्रश्न विचारत नसे. बाई म्हणायची, 'साहेब घरी यायच्या आत होईल ना?' आणि मी म्हणायचो, होईल.

आता मीच तो साहेब होतो.

मी जनेलला फोन केला.

"चेबो घरी यायचा का? मी नसताना?"

"कोण? चेबोकाका? तुमचं भांडण आहे ना?"

"माझं आहे. तुझ्या आईचं नव्हतं."

मागे बाळ रडत होतं. ती म्हणाली, "डॅड, तू काय विचारतोयस ते तुला कळतंय का?"

"भिंतीबद्दल विचारतोय."

"भिंतीवर मला अजूनही काही दिसलेलं नाही. मी रविवारी येते. तोवर नीट जेव आणि कपाटाच्या जागी एखादं झाड ठेव."

चेबोच्या घरी फोन केला तर सोकोरोने उचलला. तो घरी नाही म्हणाली. मागे त्याचा खोकला मला ऐकू आला. तो खोकला मी एकोणीस वर्षं ऐकला आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पातं घेतलं आणि चौकोन कडेने कापून काढला. मागे पाइनची लाकडी पट्टी आडवी बसवलेली होती, त्यात चार स्क्रू. सोनेरी स्क्रू, माझ्या गॅरेजमधल्या डब्यातले. माझ्या घरात येऊन माझेच स्क्रू वापरले होते. बोर्डाच्या पाठीवर पेन्सिलीने काढलेला एक बाण होता, टोक जमिनीकडे. कारागीर असे बाण काढतातच. मी तिकडे लक्ष दिलं नाही. तुकडा टॉवेलमध्ये गुंडाळला आणि ट्रकमध्ये ठेवला.

बावीस वर्षं मी त्या पॅसेजमधून बाथरूमला गेलो. शेवटच्या वर्षी तिला धरून नेत होतो. ती नेहमी त्या भिंतीच्या बाजूने चालायची. ती बाजू तिने का धरली असेल याचासुद्धा मी गाडी चालवताना नको तो अर्थ लावला.

चेबो अंगणात बसून कूलरचा पंप उघडत होता. मला बघून उभा राहिला.

"कोंपाद्रे! टॉवेल घेऊन आलास? घरचं पाणी गेलं की काय?"

मी टॉवेल तसाच धरून त्याच्यापर्यंत गेलो.

"ये, बस. सोकोरोने मेनुदो केलाय. चार वर्षांनी आलास, रिकाम्या पोटी भांडू नकोस."

"काल घरी नव्हतास."

"होतो." त्याने हात पुसले. "मीच तिला नाही म्हणून सांगायला लावलं. घाबरलो."

"कशाला?"

तो टॉवेलकडे बघत होता. मी तुकडा टेबलावर ठेवला, जसा भिंतीत होता तसाच, वरची बाजू वर. टॉवेल काढला. चेबोचं तोंड उतरलं.

"कापून काढलास?"

"ओळखतोस?"

"ओळखतो."

"केव्हा केलंस? मी युमाला असताना?"

"मी नाही केलं."

"चेबो, मी तुझ्याबरोबर एकोणीस वर्षं काढली. या गावात डावखुरा दुसरा कोण आहे? पट्टी उलटी ओढलेली आहे. माझे स्क्रू आहेत. तुझा नंबर तिच्या केकच्या कार्डावर आहे. माझ्या बायकोच्या खोलीबाहेर भिंत फुटते, ती तू बुजवतोस आणि मला दोघंही सांगत नाही. काय झालं होतं तिथे?"

सोकोरो दारात आली होती. चेबोने तिला हाताने थांबवलं. तो आधी हसणार होता असं मला वाटलं, पण हसला नाही.

"तू काय समजून आलायस ते मला कळलं," तो म्हणाला. "दुसऱ्या कोणी हे म्हटलं असतं तर हा पंप त्याच्या डोक्यात घातला असता. तुझी बायको गेलीय म्हणून सोडतो."

"उत्तर दे."

त्याने तुकड्याच्या दोन कोपऱ्यांना धरलं आणि टेबलावरच तो अर्धा फिरवला. वरची बाजू खाली, खालची वर.

"आता बोट फिरव."

मी फिरवलं. डावीकडून उजवीकडे. बोट घसरत गेलं, या कडेपासून त्या कडेपर्यंत.

"कोणाचा हात आहे?" चेबो म्हणाला.

माझा होता. माझाच पोत, माझीच पट्टी. उलटा बसवलेला.

मी खाली बसलो. सोकोरोने पाण्याचा ग्लास आणून ठेवला आणि आत गेली.

चेबो म्हणाला, "मार्चमध्ये तिचा फोन आला. सोकोरोकडून नंबर घेतलेला. म्हणाली, पडले. कपड्यांची टोपली घेऊन येत होते, भिंतीत कंबर घुसली. 'या आठवड्यात दुसऱ्यांदा, मी म्हातारी झाले चेबो,' असं हसत म्हणाली. मी म्हटलं येतो, तासाभराचं काम आहे. तर म्हणाली नको, लाइल तुझा हात ओळखेल. मग विचारलं, त्याला दिसणार नाही असं काय करता येईल."

"मग?"

"मी म्हटलं, त्याचा हात कोणाला जमायचा नाही, मलासुद्धा. घरात कुठे आतल्या बाजूला त्याची भिंत असेल तर तिचाच तुकडा काप आणि लाव. कसा कापायचा, मागे लाकूड कसं धरायचं, सगळं फोनवर सांगितलं. तीन दिवस करत होती. सांध्यावर थेंब कसे ठेवू म्हणाली. मी म्हटलं, तू केकवाली, तूच मला सांग. आणि शेवटी सांगितलं, खिडकीचं ऊन त्यावर तिरकं पडू देऊ नकोस."

"माझ्यापासून कशाला लपवायचं होतं?"

चेबो पंपाचा एक स्क्रू बोटांत फिरवत राहिला.

"मीही हेच विचारलं. म्हणाली, कळलं तर तो काम टाकून येईल आणि मला डॉक्टरकडे ओढत नेईल. आधी जनेलचं बाळ होऊ दे, म्हणाली. जुलैत होणार होतं ना? मग सांगते म्हणाली."

बाळ जुलैत झालं. सप्टेंबरमध्ये ती माझ्यासमोर स्वयंपाकघरात पडली आणि तेव्हा आम्ही दवाखान्यात गेलो. डोक्यात गाठ होती. डॉक्टरने विचारलं होतं, याआधी कधी पडलात का? व्हर्ना नाही म्हणाली आणि माझ्याकडे बघितलं. मीही डॉक्टरला सांगितलं, नाही, कधीच नाही. ठामपणे सांगितलं.

"सप्टेंबरमध्ये मला कळलं तेव्हा तुला फोन करायला घेतला," चेबो म्हणाला. "चारदा. काय सांगणार होतो? की मार्चमध्ये तुझी बायको पडत होती आणि मी तिला भिंत कशी झाकायची ते शिकवलं?"

"तू सांगायला हवं होतंस."

"हो."

"मार्चमध्येच."

"हो, कोंपाद्रे."

तो आणखी काही बोलला असता तर मी उठून गेलो असतो. त्याने नुसता तुकडा उचलला आणि पालथा केला. पेन्सिलीचा बाण वर आला.

"हा मीच काढायला सांगितला होता. कापायच्या आधी वरची बाजू नीट बघ, कापल्या कापल्या पाठीवर बाण काढ, टोक वर. म्हणजे लावताना चुकणार नाही. तुझ्याकडे जेवायला आलो त्या दिवशी हात ठेवून बघितला. कसा केलाय बघावं म्हटलं. हात अडकला."

मी बाणाकडे बघत होतो. भिंतीत त्याचं टोक जमिनीकडे होतं. तीन मजली केकवर नाव न चुकता तोल धरून लिहिणारी बाई. बाण तिने काढला, आणि तरी तुकडा उलटा बसवला.

"तेव्हाच मला कळलं, की मार्चमध्येच तिला वर-खाली..." चेबोने वाक्य सोडून दिलं. "म्हणून हात उचलत नव्हता. म्हणून तुझ्याकडे बघवत नव्हतं."

गरम केलेला मेनुदोचा रस्सा परत गार होईपर्यंत आम्ही खाल्ला नाही. शेवटी सोकोरो ओरडली तेव्हा खाल्ला.

घरी आल्यावर मी मागच्या खोलीतलं व्हर्नाचं शिवणाचं कपाट उघडलं. नोव्हेंबरपासून उघडलं नव्हतं. जनेल कपडे आवरून देते म्हणाली होती, मी राहू दे म्हटलं होतं. कपडे एका बाजूला सारले. खाली, इस्त्रीच्या फळीमागे, भिंतीवर केकच्या खोक्याचा पुठ्ठा चिकटवलेला होता, चारी बाजूंनी टेप, कडा सरळ. पुठ्ठा काढला. फूटभर चौकोनी भोक. शेजारी डब्यात माझी छोटी करवत होती, जी मी युमाला हरवली असं समजून नवीन आणली होती. आणि केकवर आयसिंग काढायची कापडी पिशवी, तिच्या पितळी तोंडात वाळलेली पुट्टी.

लोक हसले होते तेव्हा ती त्यांना म्हणाली होती, कपाटाच्या आत मी बघणार आहे.

मी तुकडा त्या भोकात धरून बघितला, बाणाचं टोक वर. चपखल बसला. एकेक थेंब शेजारच्या भिंतीत पुढे गेला. थोडा वेळ तसाच धरून ठेवला, मग काढला.

रविवारी चेबो हत्यारं घेऊन आला. जनेलही बाळाला घेऊन आली. तिला मी सगळं सांगितलं. ती भिंतीतल्या भोकाशी उभी राहून खूप रडली, मग म्हणाली, "आता दिसलं." चेबो तिला म्हणाला, "तुझ्या बापाने मला गोळी घातली नाही, एवढ्यावर समाधान मान." ती रडता रडता हसली.

चेबोने पॅसेजमधल्या भोकात तुकडा धरला.

"कसा बसवू?"

"होता तसा."

"उलटा?"

"तिने बसवला तसा."

त्याने बसवला. सांधा मी भरला. तिच्या पिशवीच्या तोंडातली पुट्टी गरम पाण्यात ठेवून काढली आणि त्याच तोंडातून नव्या पुट्टीचे थेंब ठेवले. माझे तिच्याइतके बारीक झाले नाहीत.

मग कपाटातलं भोक. तिथे नवा बोर्ड लावला. चेबोने पुट्टी उडवली. चमक जाईपर्यंत आम्ही दोघं इस्त्रीच्या फळीवर टेकून थांबलो, तिचे कपडे अंगाला लागत होते. चमक गेली. त्याने रुंद पट्टी उचलली, माझ्याकडे बघितलं आणि ती उजव्या हातात घेतली. त्या हाताने त्याला चमचासुद्धा धरता येत नाही.

"तुझ्यासारखी ओढतो," तो म्हणाला. "वाकडी गेली तर शिव्या देऊ नकोस."

"तुझ्याच हाताने ओढ."

"जुळणार नाही."

"नाही जुळणार. ओढ."

त्याने पट्टी डाव्या हातात घेतली आणि उजवीकडून डावीकडे नेली. ओल्या पुट्टीवर पट्टीचा आवाज होतो, ओला कागद ओढल्यासारखा. दोनदा झाला. मग त्याने पट्टी पँटीला पुसली आणि जनेलला विचारलं, घरात खायला काही आहे का, का म्हाताऱ्याने नुसती भिंतच खाल्ली महिनाभर.